मुळाला हात घालतांना

यंत्राच्या दुरुस्तीवर लिहावयास बसावें आणि त्यांत नीतीचा प्रश्न काढावा, हें पुष्कळ वाचकांस ओढूनताणून केल्यासारखें वाटेल. दुरुस्ती हा कसबाचा विषय; ती करणाराच्या अंगीं कसब असलें म्हणजे झालें, तेथें धर्माधर्माची चर्चा कशाला, असा आक्षेप येणें साहजिक आहे. तो बव्हंशीं खराहि आहे. पंख्याचें बेअरिंग बदलतांना किंवा सायकलीचें पंक्चर काढतांना कोणास विवेकबुद्धीचा कौल घ्यावा लागत नाहीं. परंतु संगणकाच्या बाबतींत एक दुरुस्ती अशी आहे कीं, ती करतांना, निदान दुसऱ्याच्या यंत्रावर करतांना, हा कौल घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं असें मला वाटतें. टेबलावरील संगणकाच्या मदरबोर्डवर 'बायॉस' नांवाची जी मूळ आज्ञावली असते, ती पुसून त्या जागीं नवी लिहिणें ही ती दुरुस्ती होय.

बायॉस म्हणजे काय, हें ज्यांस ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां थोडक्यांत सांगतों. संगणकाचें बटण दाबल्यावर पहिल्या क्षणीं त्या यंत्रास कशाचेंच भान नसतें. आपल्याला स्मृति आहे, पडदा आहे, कळफलक आहे, हेंहि त्यास ठाऊक नसतें. एकेका अवयवास हाक मारून तो जागा आहे कीं नाहीं हें पाहणारी, आणि अखेर विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या मोठ्या कारभाऱ्याच्या हातीं सूत्रें सोंपविणारी जी छोटी आज्ञावली, तिलाच बायॉस म्हणतात. हें नांव गॅरी किल्डॉल यानें १९७५ च्या सुमारास आपल्या सीपीएम या प्रणालींत योजिलें. हल्लींच्या मदरबोर्डवर जें असतें त्याचें शास्त्रीय नांव यूईएफआय असें आहे. पण बाजारांत अजून बायॉसच म्हणतात, आणि मीहि तेंच म्हणणार आहें.

वऱ्हाडांतील संत्र्याची बाग ज्यानें पाहिली आहे त्याला एक दृष्टांत चटकन् पटेल. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. फांदी किडली तर ती छाटतां येते; डोळा फुकट गेला तर दुसरा भरतां येतो; कारण खालीं खुंट जिवंत असतो, आणि नव्या फुटव्यास रस पुरविण्याचें काम तो करीत असतो. खुंटच सडला तर वरच्या कोणत्याहि कौशल्याचा उपयोग नाहीं. संगणकांतील बहुतेक फेरफार हे फांद्यांवरचे असतात. विंडोज बिघडली तर ती पुन्हां घालतां येते, कारण घालूं देणारा बायॉस खालीं शाबूत असतो. तोच बिघडला तर त्याला पुन्हां घालूं देणारें खालीं कोण उरतें? शाखेंतील चूक मूळ सांवरून घेतें. मुळांतील चूक सांवरणारें त्या झाडांत कांहींच नसतें. या दोन चुकांमधील अंतर लहानमोठेपणाचें नसून जातीचें आहे, आणि पुढील सारा विचार या अंतरावर उभा आहे.

एके काळीं हा प्रश्न मुळीं उद्भवतच नव्हता. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक विकावयास काढला, तेव्हां ही आज्ञावली केवळ वाचतां येणाऱ्या चिपेंत कायमची कोरलेली असे. तींत चूक निघाली तर चिप उपटून दुसरी बसविण्यावांचून इलाज नव्हता. आणखी एका जातीच्या चिपांना पाठीवर काचेची खिडकी असे. तींतून अतिनील किरण कांहीं मिनिटें सोडले म्हणजे आंतील लेख पुसला जाई. १९८४ सालीं तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका या संशोधकानें विजेनेंच एका झटक्यांत पुसतां येणारी स्मृति जगापुढें मांडली. तें पुसणें पाहून एका सहकाऱ्यास कॅमेऱ्याच्या दिव्याच्या लखलखाटाची आठवण झाली, म्हणून तिचें नांव 'फ्लॅश' पडलें असें सांगतात. पुढील दशकांत ही चिप मदरबोर्डवर आली, आणि बायॉस बदलण्यास पेंचकसहि लागेनासा झाला.

जी गोष्ट बदलतां येत नाहीं तिच्याबद्दल मनुष्य दैवाला बोल लावून मोकळा होतो. ती बदलतां येऊं लागली कीं जबाबदारी त्याच्या दारीं येऊन उभी राहते. आणि सुधारणाऱ्याला जें दार उघडतें तें बिघडविणाऱ्यालाहि उघडतें. २६ एप्रिल १९९९ रोजीं याचा अनुभव जगानें घेतला. तैवानांतील एका विद्यार्थ्यानें लिहिलेला 'सीआयएच' नांवाचा व्हायरस त्या दिवशीं जगभरच्या संगणकांत जागा झाला. चेर्नोबिलच्या अपघाताची ती तारीख, म्हणून त्यास तेंहि नांव मिळालें. त्यानें हार्ड डिस्कवरील मजकुराचा नाश केलाच, पण ज्या बोर्डांवर शक्य झालें तेथें फ्लॅश चिपेंतील बायॉसहि खरडून टाकला. चिप कायमची कोरलेली होती तेव्हां असा घाला घालणें कोणाला शक्य नव्हतें.

आतां हें पुसणें आणि लिहिणें प्रत्यक्ष कसें घडतें तें पाहूं. फ्लॅश चिपेंतील पुसलेली जागा आपल्या शाळेंतील पाटीसारखी रिकामी नसते. पुसल्यावर तेथें सर्वत्र एक हाच अंक येतो. आणि लिहिणें म्हणजे त्या एकांपैकीं कांहींचें शून्य करणें. एकाचें शून्य केव्हांहि करतां येतें. शून्याचा एक मात्र सुटा करतां येत नाहीं. त्यासाठीं तो सबंध खण पुन्हां पुसावा लागतो. जुन्या लेखावर नवा लेख गिरवतां येत नाहीं, तो असा. प्रथम जुनें जावें लागतें, मग नवें येतें. आणि या दोहोंच्या मध्यें, थोडा कां होईना, असा एक काळ असतोच कीं, त्यांत त्या खणांत जुनेंहि नसतें आणि नवेंहि नसतें.

त्या काळांत यंत्र कशावर उभें असतें? लिहिण्याचें काम करणारी आज्ञावली आधीं चालू स्मृतींत उतरविलेली असते, आणि ती तेथूनच काम करते. येथें मला देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याची आठवण होते. आपल्या सर्व समजुती मुळापासून पुन्हां तपासण्याचा त्यानें निश्चय केला. परंतु १६३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत तो म्हणतो कीं, जुनें घर पाडून नवें बांधावयाचें तर काम चालू असतां राहावयास दुसरें घर पाहिजे, आणि म्हणून त्यानें स्वतःपुरती एक तात्पुरती नीति आधीं ठरवून घेतली. संगणकहि त्या घटकेस असाच बिऱ्हाडांत राहत असतो. मात्र देकार्तच्या बिऱ्हाडाला चार भिंती होत्या. हें बिऱ्हाड विजेवर उभें आहे. वीज गेली कीं तें नाहींसें होतें. मग जुनें घर पाडलेलें, नवें अर्धवट, आणि बिऱ्हाडहि गेलें, अशी स्थिति होते. वीज परत आल्यावर बटण दाबलें तर पंखा फिरतो, दिवा लागतो, आणि पडदा काळाच राहतो.

हें सारें ऐकून सावध मनुष्य म्हणेल, मग चालत्या गाडीला खीळ घालावी कशाला? आपल्याकडे या वृत्तीस मोठा मान आहे, आणि तो अगदींच अनाठायीं नाहीं. ज्या बायॉसवर यंत्र रोज सुखानें उठतें, तो केवळ नवा आकडा निघाला म्हणून बदलणें ही हौस होय. दुसऱ्याच्या जिवावरची असेल तर अपराध होय. पण सावधपणा हें तत्त्व सर्वत्र पुरतें असें मानणेंहि चूक आहे. २०२३ च्या वसंतांत एएमडी कंपनीचे कांहीं नवे प्रोसेसर बोर्डावर बसल्या जागीं जळूं लागले. बोर्डांकडून एका भागास वाजवीपेक्षां अधिक दाब मिळत होता, आणि तो १.३ व्होल्टच्या आंत ठेवणारा नवा बायॉस कंपन्यांनीं काढला. २०२४ सालीं इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कांहीं प्रोसेसरांविषयीं हेंच झालें. ऑगस्टमधील उपाय बायॉसच्या वाटेनेंच आला; परंतु तोंवर ज्यांच्या प्रोसेसरांस इजा झाली होती त्यांची इजा त्यानें भरून निघाली नाहीं. 'माझें यंत्र चाललें आहे, मी हात लावणार नाहीं' असें म्हणणारा या दोन्ही वेळीं रोज थोडेंथोडें नुकसान करून घेत होता. न करणें हेंहि एक करणेंच आहे. त्याचा हिशेब मागाहून येतो एवढेंच.

उलट, घाईनें नवें स्वीकारणाराहि फसतो. जानेवारी २०१८ मध्यें 'मेल्टडाउन' व 'स्पेक्टर' या नांवांनीं प्रोसेसरांतील मूलगामी दोष जगापुढें आले. त्यांवरचा उपाय तांतडीनें निघाला, कंपन्यांनीं तो बायॉसमध्यें घालून वांटला. आणि त्याच महिन्यांत इंटेलला सांगावें लागलें कीं, तूर्त हा घालूं नका, कित्येक यंत्रें त्यानें आपोआप बंद पडून पुन्हां सुरू होत आहेत. तेव्हां 'जुनें तें सोनें' आणि 'नवें तें बरें' या दोन्ही म्हणींनीं आपली सुटका होत नाहीं. प्रत्येक वेळीं प्रश्न नव्यानें विचारावा लागतो: हा फेरफार कोणत्या दोषावर आहे, आणि तो दोष या यंत्रांत आहे काय? ज्याला या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं त्यानें मुळाला हात घालूं नये, असें मी म्हणेन.

एवढ्यावर हा प्रश्न ज्याच्या त्याच्या शहाणपणाचा राहतो. नीतीचा प्रश्न सुरू होतो तो यंत्र दुसऱ्याचें असतें तेव्हां. वाशीम जिल्ह्यांतील मानोरा या तालुक्याच्या गांवीं एखादें संगणक-दुरुस्तीचें दुकान आहे, आणि जुलैच्या अखेरीस तेथें जवळच्या सेवा केंद्राचा संगणक आला आहे, असें समजूं. खरीप पीक विम्याच्या अर्जांची मुदत सामान्यतः महिनाअखेर संपते, शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाचे दाखले अडकलेले असतात, सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठीं माणसें बाहेर उभीं आहेत. संगणक मधूनमधून अडखळतो एवढीच तक्रार आहे. दुकानदाराला ठाऊक आहे कीं, या बोर्डाच्या नव्या बायॉसनें हें अडखळणें थांबण्याचा संभव आहे. बाहेर आभाळ भरून आलें आहे. तो मालकाला विचारतो, आणि मालक म्हणतो, "भाऊ, तुम्हीच पाहा, आमाले काय समजते त्यातलं."

ही संमति आहे काय? कायद्याच्या दृष्टीनें बहुधा आहे. परंतु संमति या शब्दांत दोन गोष्टी येतात: होकार, आणि कशाला होकार याचें ज्ञान. मालकानें पहिली दिली. दुसरी त्याच्यापाशीं नव्हतीच. 'तुम्हीच पाहा' या शब्दांनीं त्यानें निर्णय दुकानदारावर सोंपविला. धोका मात्र सोंपविला नाहीं, कारण तो सोंपवितां येतच नाहीं. बोर्ड निकामी झाला तर नवीन घेण्याचा खर्च मालकाचा; त्याहून, त्या चार दिवसांत ज्यांचे अर्ज राहिले त्यांचें नुकसान तर या दोघांपैकीं कोणाच्याच खिशांतून जात नाहीं. बाहेर उभा असलेला शेतकरी या व्यवहारांत कोठेंच नाहीं. त्याला कोणी विचारलें नाहीं, आणि विचारावें असें कोणास सुचणारहि नाहीं. ज्याला कळतें त्याला झळ नाहीं, ज्याला झळ आहे त्याला कळत नाहीं, आणि ज्याला सर्वांत अधिक झळ आहे तो दाराबाहेर आहे. वैद्य आणि रोगी, वकील आणि पक्षकार यांच्या नात्यांतील जुनाच पेंच हा. फक्त तो इतक्या लहानशा दुकानांत उभा राहील अशी आपली कल्पना नसते.

माझें मत असें आहे कीं, समजत नाहीं म्हणणाऱ्या मालकाचा होकार मिळाल्यानें दुकानदाराचें कर्तव्य हलकें न होतां दुणावतें. आतां त्याला स्वतःचें डोकें तर चालवावयाचेंच आहे, पण मालकाला कळलें असतें तर त्यानें काय विचारलें असतें, तेंहि स्वतःलाच विचारावयाचें आहे. मालकानें निश्चित विचारलें असतें कीं, हें आजच केलें पाहिजे काय? आणि प्रामाणिक उत्तर 'नाहीं' असेंच आहे. अडखळत कां होईना यंत्र चालतें; मुदत संपूं द्यावी, मग आणावें.

मुदत संपल्यावर मालक यंत्र घेऊन आला, आणि हात घालणें योग्य ठरलें, तर पुढील काळजी अशी घ्यावी लागते. प्रथम बोर्डाचें नेमकें नांव आणि त्याची आवृत्ति पाहावी. एकाच नांवाच्या बोर्डाच्या दोन-तीन आवृत्त्या निघतात, त्यांचा आकडा बोर्डाच्या कडेस बारीक अक्षरांत छापलेला असतो, आणि एकीचा बायॉस दुसरीस चालेलच असें नाहीं. फाइल घ्यावयाची ती बोर्ड बनविणाऱ्या कंपनीच्याच ठिकाणाहून. तपासणीचा आकडा दिला असेल तर तो जुळवून पाहावा. जुन्या मांडणीचे फोटो मोबाइलवर घ्यावे, कारण फेरफारानंतर ती मूळपदावर जाते, आणि डिस्कविषयींची एखादी निवड बदलली तर विंडोज उठत नाहीं. बिटलॉकरचें कुलूप असेल तर तें आधीं तात्पुरतें थांबवावें, नाहींतर यंत्र उठल्यावर अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली मागतें, आणि ती किल्ली कोठें आहे हें मालकाला बहुधा ठाऊक नसतें. प्रोसेसरचा वेग वाढविला असेल तर तो मूळ जागीं आणावा. मग पेन ड्राइव्ह एफएटी-३२ या पद्धतीनें तयार करून शक्यतों बायॉसमधूनच काम करावें. विंडोज चालू असतां दहा कामांच्या गर्दींत हें करूं नये.

आणि वीज. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रानें रोज कित्येक तासांचें भारनियमन सोसलें. आतां तितकी वाईट स्थिति नसली तरी वळिवाच्या वाऱ्यानें तार तुटणें कोणी थांबविलेलें नाहीं. यूपीएस पाहिजे, आणि ज्याची बॅटरी खरोखर टिकते असा पाहिजे; दुकानांतील पुष्कळ यूपीएस नांवालाच असतात, वीज जातांच तेहि जातात. म्हणून आधीं एकदां दुसरा एखादा संगणक त्यावर लावून भिंतींतील बटण बंद करून पाहावें. यास दोन मिनिटें लागतात. हीं दोन मिनिटें कोणी देत नाहीं.

या सर्वांहून अवघड काळजी शेवटची आहे, आणि ती हातांची नसून मनाची आहे. लेखन पुरें झाल्यावर यंत्र पुन्हां सुरू होतें, पडदा काळा राहतो, आणि नव्या बोर्डांवर स्मृतीची नव्यानें ओळख करून घेण्यांत कित्येकदां बरींच मिनिटें जातात. पाहणाराला वाटतें, मेलें. तो घाबरून बटण दाबून धरतो. अंतर्यामीं काय चाललें आहे हें दिसत नसतां हात मागें ठेवून बसणें ही मनुष्याला फार कठीण जाणारी गोष्ट आहे, आणि सुधारकांनाहि तीच कठीण जाते असें इतिहास सांगतो.

यावर कोणी म्हणेल कीं, हें सारें चांगल्या कारागिराचें शहाणपण झालें, यांत नीति कोठें आली? मला या दोहोंमध्यें भिंत दिसत नाहीं. स्वतःच्या यंत्रावर यूपीएस न लावणें हा अविचार होय. दुसऱ्याच्या यंत्रावर न लावणें म्हणजे आपली दोन मिनिटें वांचविण्यासाठीं त्याच्या चार दिवसांवर पैज लावणें. आणि पैज जिंकली तरी ती लावली हें खरें राहतें. शंभरांतील नव्वदांहून अधिक वेळां कांहींच होणार नाहीं, म्हणूनच ही पैज कोणाच्या लक्षांत येत नाहीं. ज्या दुकानदाराचा एकहि बोर्ड गेला नाहीं तो सावध होता कीं सुदैवी, हें त्याच्या गिऱ्हाइकास कधींच कळत नाहीं. त्याचें त्याला मात्र कळतें.

मूळ बदलतांना काय सांभाळावें, याचा एक धडा मानोऱ्याच्या मातींतच आहे, यंत्राशीं त्याचा संबंध नसला तरी. वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून कंपनीच्या कारभाराखालीं आलें, १९०३ मध्यें मध्यप्रांतास जोडलें गेलें. १९०५ सालीं मोडलेला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यांतून पुन्हां वेगळा झाला. मधल्या काळांत २६ जानेवारी १९५० रोजीं राज्याचें मूळच बदललें. घटनेच्या ३९५ व्या कलमानें १९३५ चा कायदा रद्द केला. परंतु ३७२ व्या कलमानें सांगून ठेवलें कीं, बाकीचे चालू कायदे, ते रीतसर बदलले जाईपर्यंत, चालूच राहतील. पुढें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ मध्यप्रदेशांतून मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. पण येथील शेतकऱ्याचा सारा आणि फेरफार मध्यप्रदेशच्या १९५४ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणेंच चालत राहिला, तो थेट १५ ऑगस्ट १९६७ रोजीं महाराष्ट्राची नवी संहिता अंमलांत येईपर्यंत. राज्य दोनदां बदललें, आणि शेताच्या बांधावर एक दिवसहि असा उगवला नाहीं कीं, जुना कायदा गेला आहे आणि नवा यावयाचा आहे. फ्लॅश चिपेला जें साधत नाहीं तें कायदेपंडितांनीं असें साधलें.

यंत्र बनविणारांनींहि आपल्या परीनें हेंच साधण्याचा यत्न केला आहे. जुन्या बायॉसमध्यें एक छोटा खण असा राखीव ठेवीत कीं, फेरफारांतहि त्यास हात लागत नसे. बाकी सर्व बिघडलें तरी तेवढ्या खणाच्या आधारानें फ्लॉपीवरून नवा लेख घेतां येई. केशवानंद भारती खटल्यांत १९७३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घटनेच्या मूलभूत चौकटीला दुरुस्तीचा हात लागूं नये असें ठरविलें, त्याच्याशीं या खणाचें नातें मला नेहमीं जाणवतें. कांहीं कंपन्यांनीं बोर्डावर दोन चिपा बसविल्या, एक पडली कीं दुसरी उठते. कांहीं बोर्डांच्या मागें आतां एक बटण असतें. तें दाबलें कीं प्रोसेसरहि न जागवितां एक वेगळी छोटी चिप पेन ड्राइव्हवरून बायॉस लिहून घेते. स्वस्त बोर्डांवर या सोयी बहुधा नसतात, आणि लहान गांवीं येतात ते स्वस्तच बोर्ड.

परतीची वाट ठेवावी, हा नियम एवढा उघड वाटतो कीं त्यास अपवाद असेल असें मनांत येत नाहीं. पण आहे. कित्येक नव्या बायॉसमध्यें एकदां पुढें गेल्यावर मागील आवृत्तीवर येऊं देतच नाहींत. कारण असें कीं, मागील आवृत्तींत चोराला शिरावयास भगदाड होतें. तें बुजविल्यावर मागें जाण्याची मुभा ठेवली तर चोर प्रथम यंत्राला मागें नेईल आणि मग जुन्या भगदाडांतून शिरेल. मालकाची परतीची वाट हीच चोराची आंत येण्याची वाट ठरते. येथें कंपनीनें वाट बंद केली तर तिला सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. परंतु न सांगतां बंद केली तर मात्र देतां येतो. जो पूल ओलांडल्यावर मागें तोडला जाणार आहे, त्याच्या तोंडाशीं तशी पाटी हवी.

या बाबतींत कंपन्यांचें वर्तन मला समाधानकारक वाटत नाहीं. नव्या बायॉसबरोबर काय बदललें याची टीप असते, आणि तींत पुष्कळदां 'प्रणालीचें स्थैर्य सुधारलें' एवढेंच एक वाक्य असतें. कोणतें अस्थैर्य, कोणत्या प्रसंगीं, न बदलल्यास काय होईल, याविषयीं अवाक्षर नाहीं. मालक म्हणतो 'आमाले काय समजते', आणि दुकानदार जरा बारकाईनें पाहावयास जातो तर त्यालाहि तितकेंच समजतें. चिपेंतील मजकूर वाचून तपासणें त्याच्या आवांक्याबाहेर आहे. त्याला कंपनीच्या शब्दावरच विसंबावें लागतें. जो दुसऱ्यास मुळाला हात घालावयास सांगतो तो कारण सांगण्यास बांधलेला आहे, हें तत्त्व आपण न्यायाधीशाला लावतों, शस्त्रवैद्याला लावतों. मग बोर्डवाल्याला कां लावूं नये?

हा प्रश्न लांबणीवर टाकण्याची सोय आतां फारशी राहिलेली नाहीं. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि अकराव्या आवृत्तीस जी सुरक्षाव्यवस्था लागते ती कित्येक यंत्रांत बायॉसमध्यें बंद असते किंवा नव्या बायॉसबरोबरच येते. आजवर ज्यांनीं बायॉसचें नांवहि ऐकलें नव्हतें अशीं माणसें आतां दुकानांत येऊन 'अकरा नंबरची टाकून द्या' म्हणतात. जीं यंत्रें सात-आठ वर्षें वापरून शहरांतून येतात, त्यांच्या बोर्डांसाठीं नवा बायॉस काढणें कंपन्यांनीं बहुधा केव्हांच थांबविलेलें असतें. तेथें दुकानदारानें 'होणार नाहीं' हें स्पष्ट सांगून दुसरी वाट दाखवावी; कोठून तरी मिळविलेली अनोळखी फाइल घालून पाहणें म्हणजे मालकाच्या घराची किल्ली वाटेवरच्या माणसाला देणें होय.

आणि इतकें करूनहि पडदा काळा राहिला तर? यंत्र मेलेलें नसतें. आठ पायांची ती चिप शाबूत असते, तींतील लेख मात्र अर्धवट असतो. अंगठ्याएवढें एक स्वस्त साधन मिळतें. त्याच्या चिमट्यांत चिप धरून दुसऱ्या, जाग्या असलेल्या संगणकाच्या साह्यानें तींत पुन्हां लिहितां येतें. निजलेल्या यंत्राला स्वतःहून उठतां येत नाहीं, जागें असलेलें दुसरें यंत्र त्याला उठवूं शकतें. परंतु कंपनीची फाइल आणून चिपेंत सरसकट भरली तर एक गोष्ट हरवण्याचा संभव असतो. पुष्कळ बोर्डांच्या चिपेंत त्या एका यंत्रापुरता मजकूर असतो: त्याचा अनुक्रमांक, जाळ्यावरील त्याचा पत्ता, कंपनीनें तयार विकलेला संगणक असेल तर विंडोजच्या परवान्याची किल्ली. कंपनीच्या सर्वसाधारण फाइलींत हें नसतें. तें त्या यंत्राच्या जुन्या चिपेंतच असतें, आणि पुसण्यापूर्वीं त्या चिपेची प्रत काढून ठेवली असेल तरच परत मिळतें. ज्या दुकानदाराजवळ तें साधन आहे त्यानें कामाला हात घालण्यापूर्वीं ही प्रत काढावी, तिच्यावर मालकाचें नांव, बोर्डाची आवृत्ति आणि तारीख घालावी, आणि एक प्रत मालकाच्या हवालीं करावी. मालकाला तिचा उपयोग समजत नसला तरी ती त्याची आहे.